शाळेच्या भोंवतीचें कुंपण

शाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें फळा, पाटी, पुस्तकें आणि मास्तर हीं चित्रें उभीं राहतात. घरापासून शाळेपर्यंतची वाट मात्र सहसा कोणाला आठवत नाहीं. ज्या मुलाला ती वाट निर्धास्तपणें चालतां येते, त्याला ती आठवण्याचें कारणहि नसतें. परंतु ज्या मुलीच्या वाटेवर कोणी चिखलाचा गोळा हातांत घेऊन उभा आहे, ज्या मुलाला शाळेची पायरी चढूं दिली जाईल कीं नाहीं ह्याचीच शंका आहे, अथवा ज्याचे आईबाप पोटासाठीं सहा महिने परमुलखांत जाणार आहेत, त्याच्या दृष्टीनें विद्येचा पहिला धडा शाळेच्या आंत नसून बाहेर असतो.

हा विचार मनांत येण्यास निमित्त बीड जिल्ह्याचें झालें. दसरा-दिवाळीचा सुमार आला कीं ह्या जिल्ह्यांतून ऊंसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची रीघ लागते. पूर्वीं बैलगाड्या जात, आतां ट्रॅक्टर आणि मालमोटारीहि जातात. कोयता, भांडींकुंडीं, शेळी, म्हातारें माणूस आणि मुलें एकाच गाडींत बसतात, आणि गांवच्या शाळेंतील बांकें रिकामीं होतात. मागें राहिलेल्या मुलीला रात्रीं कोणाच्या घरीं ठेवावयाचें, हा प्रश्न तिच्या आईच्या मनाला जितका जाळतो तितका दुसरा कोणताहि प्रश्न जाळीत नसेल. शाळा चालू आहे, मास्तर हजर आहेत, पुस्तकें फुकट मिळतात. आणि तरीहि ती शाळा त्या मुलीला सुरक्षित वाटत नाहीं. मग शाळा सुरक्षित होते ती कशानें? आणि ती सुरक्षित करावयाची कोणीं?

आपल्या महाराष्ट्रांत हा प्रश्न नवा नाहीं. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं तो नगरास, पुण्यास आणि मुंबईस अतिशय तीव्रतेनें उभा राहिला होता. त्या वेळीं त्याचें उत्तर शोधण्यासाठीं ज्यांचें एकमेकांशीं एरवीं पटलें नसतें अशीं माणसें एकत्र आलीं. त्यांत ख्रिस्ती मिशनमधील पाद्री आणि बाया होत्या, पुण्याचे ब्राह्मण तरुण होते, माळी, महार, मांग आणि मुसलमान होते. त्या सहकार्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. 'सुरक्षित शाळा' ह्या शब्दांना त्या काळीं दोन निराळे अर्थ होते. एक अर्थ देहाचा. मूल शाळेंत जातांना त्यास कोणी मारूं नये, त्याची विटंबना करूं नये, त्याच्या डोक्यावर छप्पर असावें. दुसरा अर्थ धर्माचा. मूल सकाळीं ज्या घरांतून शाळेस गेलें, त्याच घराचें होऊन तें संध्याकाळीं परत यावें. पाद्र्यांच्या शाळांविषयीं लोकांच्या मनांत जी धास्ती होती ती ह्या दुसऱ्या अर्थाची, आणि ती निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं.

१८३९ सालीं मुंबईस डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेंतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी विद्यार्थ्यांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. पारशी समाजांत मोठी खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें आणि पारशी पालकांनीं आपलीं मुलें त्या शाळेंतून काढून घेतलीं. पुढें चार वर्षांनीं, १८४३ मध्यें, नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा तेव्हां जेमतेम बारा वर्षांचा. तोहि मिशनच्या आश्रयास गेला. वडिलांनीं न्यायालयांत धांव घेतली आणि न्यायालयानें मुलगा बापाच्या हवालीं केला. परंतु मुलगा घरीं आला तरी जातींत येईना! त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं पुढाकार घेतला, तेव्हां सनातनी मंडळींनीं बाळशास्त्र्यांवरच शस्त्र उपसलें. ह्या सर्व गदारोळांत त्या बारा वर्षांच्या पोराच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ह्याचा विचार फारच थोड्यांनीं केला असावा.

ह्या प्रकरणांतून उभय पक्षांना एक धडा मिळण्यासारखा होता. शाळेची इमारत कितीहि पक्की असली तरी आईबापांचा विश्वास उडाला म्हणजे ती एका दिवसांत रिकामी होते, हें पाद्र्यांना कळलें. आणि केवळ मुलें काढून घेतल्यानें मुलांचें कल्याण होत नाहीं, आपल्या शाळा आपणच काढल्या पाहिजेत, हें लोकांतील विचारी माणसांना कळलें.

आतां आपण नगरास जाऊं. बीडच्या पश्चिमेस लागून असलेला हा जिल्हा. २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. पण त्या काळच्या कागदपत्रांत तें अहमदनगरच आहे. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं येथें ठाणें दिलें. १८३९ मध्यें तेथें मिस सिंथिया फॅरार ह्या बाई आल्या. त्या मूळच्या अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर प्रांताच्या. १८२७ सालीं, अविवाहित असतां, त्या सातासमुद्रांपलीकडे मुंबईस आल्या होत्या. मुलींच्या शाळा चालविणें हेंच त्यांनीं आपलें आयुष्य मानलें, आणि १८६२ मध्यें नगरासच त्यांचा देह पडला.

त्या काळीं मुलींच्या शाळा कशा चालत हें समजून घेतलें म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न किती घरगुती होता तें कळतें. मुलगी एकटी शाळेस जात नसे. तिला घरोघर फिरून बोलावून आणणारें आणि शाळा सुटल्यावर घरीं पोंचविणारें माणूस लागे. तें माणूस गल्लींतल्या लोकांच्या ओळखीचें असावें लागे. शिकविणारी बाई परदेशी असली तरी दारांत येऊन हांक मारणारें माणूस आपल्यांतलें आहे, एवढ्या आधारावर आई मुलीचा हात सोडीत असे. मिशनजवळ पैसा होता, छापखाना होता, शिकविण्याची पद्धति होती; परंतु घराचा उंबरठा ओलांडण्याचा परवाना मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातीं होता.

मिस फॅरार ह्यांची शाळा पाहावयास एके दिवशीं पुण्याहून एक माळी तरुण आला. तो म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे हे नगरास नोकरीला होते. तेथील मुलींची शाळा पाहूनच आपल्या मनांत पुण्यास तशी शाळा काढण्याचें आलें, असें जोतीरावांनीं पुढें १८५३ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवेदनांत सांगितलें आहे. हें 'ज्ञानोदय' पत्रहि अमेरिकन मराठी मिशनचेंच, आणि १८४२ सालीं नगरासच तें निघालें होतें.

जोतीरावांच्या स्वतःच्या शिक्षणाची गोष्टहि येथें सांगितली पाहिजे. लहानपणीं त्यांना शाळेंत घातलें होतें. परंतु मुलगा शिकून काय करणार, असें कोणींसें वडिलांच्या मनांत भरविलें आणि गोविंदरावांनीं मुलाला शाळेंतून काढून मळ्यांत कामाला लाविलें. त्यांच्या शेजारीं गफार बेग मुनशी नांवाचे एक फारशीचे विद्वान आणि लिजिट साहेब नांवाचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहत असत. मुलाची बुद्धि पाहून ह्या दोघांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ मध्यें जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. एक मुसलमान, एक ख्रिस्ती आणि एक माळी बाप ह्यांच्या ओसरीवरच्या त्या बोलण्यांतून महाराष्ट्राच्या पुढील इतिहासाची एक वाट फुटली आहे.

१८४८ सालीं पुण्यांत बुधवार पेठेंत तात्यासाहेब भिडे ह्यांच्या वाड्यांत जोतीरावांनीं मुलींची शाळा सुरू केली. तेव्हां त्यांचें वय एकवीस वर्षांच्या आसपास होतें आणि सावित्रीबाईंचें सतरा वर्षांच्या आसपास. आतां पाहा, पहिलें कुंपण कोणीं घातलें? एका ब्राह्मण गृहस्थानें आपला वाडा दिला. ज्या पेठेंतून विरोध व्हावयाचा, त्याच पेठेंतील एका प्रतिष्ठित माणसाचें छप्पर त्या शाळेवर होतें. शहरांतील एखाद्या आडबाजूच्या मैदानांत ती भरली असती, तर तिच्यावर दगड टाकणें किती सोपें झालें असतें!

परंतु वाड्याच्या भिंती वाड्यापुरत्या. रस्त्यावरून जातांना सावित्रीबाईंवर शेण-चिखल टाकला जाई, आणि म्हणून त्या एक जादा लुगडें बरोबर नेत, ही आठवण त्यांच्या बरोबर जाणाऱ्या बळवंत सखाराम कोल्हे ह्यांच्या सांगण्यांतून चरित्रकारांनीं नमूद केली आहे. ही गोष्ट आपण इतक्या वेळां ऐकली आहे कीं तिच्यांतील दुःख आतां बोथट झालें आहे. पण क्षणभर तिच्यांतील व्यवस्थेकडे पाहा. शिक्षिकेबरोबर एक माणूस दिलेला आहे. शाळेंत पोंचल्यावर लुगडें बदलण्याची सोय आहे. म्हणजे अपमान होणार हें गृहीत धरून, त्या अपमानामुळें शाळेची वेळ चुकूं नये एवढी तजवीज केलेली आहे. धैर्य म्हणजे निव्वळ छाती पुढें काढणें नव्हे. धैर्यालाहि अशी शांत आणि व्यवहारी तयारी लागते.

१८४९ मध्यें लोकांच्या दडपणाखालीं गोविंदरावांनीं मुलाला व सुनेला घराबाहेर काढलें. त्या वेळीं उस्मान शेख ह्या मुसलमान मित्रानें त्यांना आसरा दिला, असें चरित्रकार सांगतात. त्याच घराशीं संबंध असलेल्या फातिमा ह्यांचा उल्लेख सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रांत आला आहे. जोतीरावांनीं उदरनिर्वाहासाठीं स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिक्षकाचें काम पत्करलें. आपण मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेंत कांहीं वर्षें शिक्षक होतों, असें त्यांनीं स्वतः १८८२ मध्यें शिक्षण आयोगापुढें लिहून दिलें आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. मिशननें जोतीरावांना केवळ स्फूर्ति दिली असें नव्हे. आपत्काळीं त्यांच्या चुलीला आधार दिला. शाळा चालविणाऱ्याच्या घरीं दोन वेळचें अन्न असणें, हाहि शाळेच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

मध्यंतरीं बंद पडलेलें काम १८५१ मध्यें पुन्हां उभें राहिलें. ३ जुलै १८५१ रोजीं बुधवार पेठेंत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यांत शाळा उघडली तेव्हां तिच्यांत अवघ्या आठ मुली होत्या. थोड्याच काळांत त्या अठ्ठेचाळीस झाल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत रास्ता पेठेंत, आणि पुढील वर्षीं मार्चमध्यें वेताळ पेठेंत, अशा आणखी दोन शाळा निघाल्या. ह्या वेळेस जोतीरावांनीं एकट्यानें भार उचलला नाहीं. त्यांनीं मंडळी जमविली, कमिटी नेमली. सदाशिवराव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे अशीं नांवें ह्या कार्यांत आढळतात. केशव शिवराम भवाळकर आणि विष्णुपंत थत्ते ह्यांनीं शिकविण्याचें काम केलें. हे बहुतेक ब्राह्मण तरुण होते, आणि त्यांना स्वतःच्या जातींतून कमी ऐकून घ्यावें लागलें नसेल.

महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा काढल्यावर तर प्रश्न अधिकच बिकट झाला. येथें भीति दुहेरी होती. वरच्या जातींचा रोष होताच. शिवाय खुद्द त्या वस्त्यांतील आईबापांच्या मनांत पिढ्यानुपिढ्यांची दहशत होती. मूल शिकलें तर आपल्यावर कांहींतरी अरिष्ट येईल, हें त्यांना ठामपणें वाटत असे. ही दहशत घालविण्याचें काम कोणा पाद्र्याच्या अथवा ब्राह्मणाच्या बोलण्यानें झालें नसतें. तें लहुजी साळवे आणि राणबा महार ह्या दोघांनीं केलें. आपल्या जातभाईंना शिक्षणाचे फायदे समजावून सांगून त्यांनीं मुलें शाळेंत धाडण्यास लाविलें. लहुजी हे पुण्यांतले नामांकित वस्ताद. त्यांच्या तालमींत जोतीराव दांडपट्टा, लाठी आणि नेमबाजी शिकले होते. लहुजींच्या तालमीचा दरारा शाळेच्या पाठीशीं होता, असें परंपरा सांगते. आणि त्यांत अविश्वसनीय असें कांहींच नाहीं. ज्या शाळेंतील पोरें वस्तादाच्या शब्दावरून आलीं आहेत, तिच्या वाटेवर उभें राहण्यापूर्वीं टवाळखोरास दहा वेळां विचार करावा लागला असेल.

आतां ह्या कुंपणाचा आणखी एक खांब पाहूं. तो म्हणजे उघडेपणा. जोतीरावांच्या कमिटीनें शाळेंतील परीक्षा चारचौघांत, लोकांना बोलावून घेतल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी ह्यांच्या हस्तें सरकारतर्फें जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव झाला. १८५३ च्या फेब्रुवारींत तिन्ही शाळांच्या मिळून २३७ मुलींची परीक्षा झाली, तेव्हां ती पाहावयास पुण्यांतील लोकांची झुंबड उडाली. ह्या समारंभांचा हेतु निव्वळ मिरविण्याचा नव्हता. ज्या शाळेविषयीं कुजबुज चालते, तिचें दार सताड उघडें टाकणें, हा कुजबुजीवरचा रामबाण उपाय होय. येथें कोणता धर्म शिकवितात, मुली काय वाचतात, मास्तर कसे वागतात, तें या आणि डोळ्यांनीं पाहा! मिशनच्या शाळांना जो विश्वास संपादन करणें कठीण गेलें, तो एतद्देशीय कमिटीनें ह्या रीतीनें हळूहळू संपादन केला. आणि ह्या कामीं युरोपियन गृहस्थांच्या देणग्या, दक्षिणा फंडांतील मदत आणि मिशनचा अनुभव हे सर्व तिला उपयोगीं पडले.

येथें एक शंका कोणाच्याहि मनांत येईल. मिशनचा अंतिम हेतु धर्मप्रसाराचा, आणि जोतीरावांचा तर तो नव्हता. मग हें जमलें कसें? जमलें, कारण दोघांनींहि आपापला हेतु न लपवितां समान कामापुरता हात पुढें केला. जोतीराव मिशनच्या शाळेंत शिकले, तेथें शिकविते झाले, पाद्र्यांच्या कार्याची त्यांनीं मनमोकळी स्तुति केली; परंतु ते ख्रिस्ती झाले नाहींत. १८७३ मध्यें त्यांनीं स्थापन केला तो सत्यशोधक समाज. मिशनहि त्यांना सोडून गेलें नाहीं. सहकार्याला मतैक्य लागतें असें आपण उगाच समजतों. एका मुलीला घरून शाळेंत आणि शाळेंतून घरीं सुखरूप पोंचविण्यास जेवढें एकमत लागतें, तेवढें झालें तरी पुष्कळ होतें.

ह्या सर्व खटपटीचें फळ काय, असें कोणी विचारील, तर त्याला मी एका मुलीचें नांव सांगेन. मुक्ता. मांग जातींतील ही चौदा वर्षांची विद्यार्थिनी. महार-मांगांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्राच्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत छापून आला. आमच्यासाठीं धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिनें त्यांत विचारला आहे. इमारतीच्या पायांत माणसें पुरण्याच्या चालीची आठवण तिनें दिली आहे. आणि आपल्या जातींतील बाया बाळंत होतात तेव्हां त्यांच्या घरावर छप्परसुद्धां नसतें, थंडीवाऱ्यांत त्या कशा हाल काढीत असतील, हेंहि तिनें लिहिलें आहे. शाळेच्या छपराखालीं बसलेली मुलगी बिनछपराच्या घराविषयीं लिहीत आहे! फुल्यांच्या शाळेनें तिला अक्षर दिलें, वस्तीनें तिला शाळेंत धाडलें, आणि ख्रिस्ती मिशनच्या पत्रानें तिचा शब्द जसाच्या तसा जगापुढें मांडला. ह्या तिघांपैकीं एकहि नसता तर तो निबंध आज आपल्या हातीं नसता.

परंतु इतिहास सांगतांना गोड तेवढेंच सांगून चालत नाहीं. १८५७ च्या बंडानंतर युरोपियन लोकांच्या देणग्या आटल्या. सरकारी मदतीलाहि मर्यादा पडल्या. कमिटींत मतभेद झाले आणि जोतीराव हळूहळू त्या व्यवस्थेंतून बाजूस झाले. मुलींच्या त्या शाळा कमिटीनें शिक्षणखात्याच्या स्वाधीन केल्या असून मिसेस मिचेल ह्यांच्या देखरेखीखालीं त्या अद्याप चालू आहेत, असें त्यांनीं १८८२ मध्यें नमूद केलें. पुण्यांतील ज्या भिडे वाड्यांत पहिली शाळा भरली, त्याची तर पुढें पडझड झाली. न्यायालयांतील दीर्घ वादानंतर डिसेंबर २०२३ मध्यें ती जुनी इमारत राष्ट्रीय स्मारकासाठीं उतरविण्यांत आली. परक्याच्या दानावर उभें केलेलें कुंपण दान थांबलें म्हणजे खचतें. जें आपल्या माणसांच्या जबाबदारीवर उभें असतें तेंच टिकतें.

आतां मराठवाड्याकडे वळूं. ज्या नारायण शेषाद्रींचा उल्लेख मघाशीं केला, तेच पुढें पाद्री होऊन निजामाच्या राज्यांत जालन्यास आले. बीडचा हा उत्तरेकडील शेजारी. निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांनीं त्यांना जमीन दिली आणि तेथें बेथेल नांवाची वसाहत उभी राहिली. ख्रिस्ती झालेल्या मांग-महार कुटुंबांना गांवांत जगणें अशक्य होई, म्हणून त्यांच्यासाठीं घरें, प्रार्थनामंदिर आणि शाळा असें निराळें गांवच त्यांनीं वसविलें. एका मुसलमान दिवाणानें दिलेल्या भूमीवर, जन्मानें ब्राह्मण असलेल्या पाद्र्यानें, अस्पृश्यांच्या मुलांसाठीं शाळा उभारावी, हा योग असाधारण खरा. पण पुण्याच्या आणि बेथेलच्या मार्गांत एक भेद आहे तो विसरतां येत नाहीं. बेथेलला कुंपण मिळालें तें गांव सोडून. पुण्यास तें मिळालें गांवांतच राहून. पहिला मार्ग अडचणींत सांपडलेल्याला तत्काळ आसरा देतो. दुसरा गांवालाच बदलावयास लावतो.

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईनें हा दुसरा मार्ग निराळ्या रीतीनें चोखाळला. मुकुंदराज आणि दासोपंत ह्यांची ही नगरी. निजामी अमलांत तिचें नांव मोमिनाबाद होतें आणि हैदराबाद कंटिंजंटची छावणी तेथें होती. येथें भय पेठेंतल्या टवाळखोराचें नव्हतें. तें सरकारी फर्मानाचें होतें. राज्यकारभाराची आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू. मातृभाषेंतील खाजगी शाळांवर परवानगीची टांगती तलवार. सभा भरविण्यास, व्याख्यान देण्यास 'गश्ती निशाण ५३' ह्या कुप्रसिद्ध हुकुमानें आडकाठी. अशा वातावरणांत १९१५ मध्यें औरंगाबादेस सरस्वती भुवन, १९१७ मध्यें अंबाजोगाईस योगेश्वरी, १९२१ मध्यें हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा अशा संस्था लोकांनीं स्वतःच्या बळावर उभ्या केल्या.

अंबाजोगाईच्या संस्थेनें नांव घेतलें तें ग्रामदेवतेचें. ह्यांत भक्ति होतीच. पण व्यवहारहि होता. जिच्या नांवानें शाळा चालते ती योगेश्वरी सर्व गांवाची आई. तिच्या शाळेला मदत करणें हें कोणा एका पक्षाचें काम न राहतां आपोआप गांवाचें काम होतें. १९३५ मध्यें हिप्परग्याहून स्वामी रामानंद तीर्थ येथें आले आणि त्यांनीं मुख्याध्यापकपद स्वीकारलें. १९३८ सालीं शाळा सोडून ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहांत उतरले. ज्या संस्थेचा मुख्याध्यापक राज्यकर्त्यांशीं झुंजावयास निघाला, ती संस्था चालू ठेवणें म्हणजे विस्तवाशीं खेळ होता. गांवाच्या लोकांनीं ती चालू ठेविली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालें तेव्हां अशा शाळांतून शिकलेली एक पिढी मराठवाड्याचा भार उचलावयास तयार होती.

श्रोतेहो, नगर, पुणें, जालना आणि अंबाजोगाई ह्या चार ठिकाणांच्या हकीकती आपण पाहिल्या. त्यांत धर्म निरनिराळे, माणसें निरनिराळीं, भयहि निरनिराळें. परंतु प्रत्येक ठिकाणीं शाळेचें रक्षण झालें तें तीन गोष्टींनीं. धर्मसंस्थेनें जागा, पैसा अथवा आपल्या नांवाचें पुण्य पुढें केलें. वस्तींतल्या वजनदार माणसानें आपला शब्द खर्चीं घातला. आणि शाळा चालविणाऱ्यानें आपला कारभार लोकांना उघड करून दाखविला. ह्यांतील एक गोष्ट उणी पडली तेथें शाळा डळमळली.

बीडमधील आजच्या मुलांना ह्या इतिहासाचा काय उपयोग, हें आतां निराळें सांगावयास नको. ऊंसतोड कामगारांच्या मुलांमुलींसाठीं २०२१ सालीं शासनानें ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली आणि तिला संत भगवानबाबांचें नांव दिलें. भगवानबाबा ह्याच जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यांत जन्मले. वारकरी कीर्तनकार असूनहि, अथवा असल्यामुळेंच म्हणा, मुलांना शिकवा हें ते लोकांना कळकळीनें सांगत. योगेश्वरीच्या नांवामागें जी दृष्टि होती, तीच येथेंहि आहे. संताच्या नांवावर आईचा विश्वास बसतो.

परंतु नांवानें दार उघडतें. रात्रीं त्या दाराशीं जागें कोण राहतें, ह्यावर मुलगी तेथें टिकते कीं नाहीं तें ठरतें. तेथें गांवची बाई हवी, तालमीचा वस्ताद हवा, देवळाचा पुजारी, चर्चचा पाद्री, मशिदींतले मौलवी हवेत; आणि आठवड्यांतून एकदां आंत जाऊन, मुली काय जेवतात, कोठें निजतात, त्यांना कोणाची भीति वाटते, हें विचारणारे चार शेजारी हवेत. सरकार इमारत बांधूं शकेल, पगारी माणूस नेमूं शकेल. वाटेवर उभें राहणें मात्र ज्याची ती वाट आहे त्यानेंच केलें पाहिजे.

बळवंत कोल्हे हे कोणी मोठे पुढारी नव्हते. एका शिक्षिकेबरोबर रोज शाळेपर्यंत चालत जाणें आणि परत येणें, एवढेंच त्यांचें काम. महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहितांना त्यांना एखादी ओळ मिळते, कधीं तीहि मिळत नाहीं. तथापि, ज्या दिवशीं आपल्या गांवांतील प्रत्येक मुलीबरोबर असें कोणीतरी निमूटपणें चालूं लागेल, त्या दिवशीं तिच्या आईला फडांत कोयता चालवितांना वारंवार गांवाच्या दिशेनें वळून पाहावें लागणार नाहीं.